यमुनेचं हिरवं पाणी

साल एकोणीसशे एकोणऐंशी. मी सहासष्ट वर्षांचा, तू अठ्ठावन्न. म्हणजे आधी जायचा नंबर माझा होता, यमुने. धाकट्या बहिणीनं मोठ्या भावाच्या पुढं असं घुसायचं नसते. रेशनच्या लायनीतसुद्धा लोकं घुसू देत नाहीत.

आज सातवा दिवस. मला अजून समजलेलं नाही. लोकं येतात, बसतात, मान हलवतात, जातात. मीही मान हलवतो. मग कोणी उठून गेलं की मी आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणतो, "चहा ठेव वं," आणि मग मालती येते. माझी पोरगी. भंडाऱ्याहून आली ती तेव्हापासून इथंच आहे. तिला पाहिलं की मला राग येतो, की ही इथं काहून, आणि मग आठवते काहून.

मी शाळा शिकलो दुसरीपर्यंत. मग बापानं मागावर बसवलं. तुला चिठ्ठी लिहायची कधी पाळी आली नाही, कारण पंचवीस वर्षं तू याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत होती. आता लिहितो. शाळेतल्यासारखं लिहायला जातो आणि आपलं बोलणं मधे घुसते. हसायचं नाही.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. वैशाखाचं ऊन अंगणात असं पडलं होतं की डोळा ठरत नव्हता. मी मागावर. पाच वार पातळ झालं होतं, चार वार बाकी. तू रोजच्यासारखी माझ्या मागच्या खांबापाशी बसून दूध फाडत होती. अर्धा शेर दूध उकळलं, स्टोव्हवरून उतरवलं, गाडग्यातलं कालचं आंबलेलं पाणी त्यात हळूहळू ओतलं. मला पाठ फिरवून बसलं तरी सगळं समजत होतं. तू प्रत्येक गोष्ट बोलूनच करायची. "आता उतरवलं. आता टाकलं. आता पाह्य कसं फाटून राह्यलं." मग फडक्यात गाळलं, पुरचुंडी बांधली, खांबाच्या खिळ्याला अडकवली आणि थेंब झेलायला खाली गंज ठेवला. टपटप सुरू झाली.

मग तू बोलली, "दादा, आज पाणी पाह्य किती हिरवं निघालं गा."

दूध बरोबर फाटलं की पाणी हिरवट, काचेसारखं निघते. पांढरट निघालं तर फाटण्यात कसर राहिली. हे तूच मला सतरा वर्षं शिकवत होती, मी न शिकता.

मी म्हटलं, "सतरा वर्सं पाहून राह्यलो तुह्यं पाणी. त्यात काय पाह्यचं?"

तू काही बोलली नाही.

मी म्हटलं, रुसली. तुझं रुसणं मला माहीत होतं. तू भांडत नव्हती, गप होत होती, आणि तुझ्या गप बसण्यापुढं मी आजपर्यंत कधी नमलो नाही. पहिले कोण बोलते ते पाहू, म्हणून मी धोटा मारत राहिलो. खटखट, खटखट. मागून टपटप ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, बस अशीच. मी काही बोलत नाही.

चार बोटं कापड विणलं मी, यमुने.

घड्याळ आपल्याकडं नाही, पण मला चार बोटं विणायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तेवढा वेळ तू खांबाला टेकून बसलेली होती आणि मी तुझ्याशी हट्ट धरून बसलो होतो. मग टपटप मंदावली. एक थेंब, मग बऱ्याच वेळानं दुसरा. या वेळेला तू उठून पुरचुंडी दाबायची. तू उठली नाही तेव्हा मी मागं वळून पाहिलं.

तुझा हात मांडीवर होता, बोटं ओली होती. डोळे उघडे होते, गंजाकडं. मी म्हटलं, "यमुने." मग म्हटलं, "अवं." मग मला वाटलं मी अजून मोठ्यानं बोलायला पाहिजे, म्हणून ओरडलो. समोरची केसरबाई पळत आली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, क्षणात. क्षणात म्हणजे कोणत्या क्षणात, ते त्यांना कुठं माहीत. मला वाटते, मी "त्यात काय पाह्यचं" म्हटलं, त्याच्या आधी का नंतर? आधी असेल तर तू ते ऐकलं नाही, तेवढं बरं. नंतर असेल तर तेच शेवटचं. हे मी कोणाला विचारू?

ते चार बोटं मागावर तसेच आहेत. बाकी कापडात आणि त्यात काही फरक दिसत नाही. मी बोट फिरवून पाहिलं.

*

तू उमरेडहून या घरात आली तेव्हा मालती चार वर्षांची होती. तुझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि माझी बायको जाऊन चार. दोन तुटलेले धागे, बाप म्हणाला असता, गाठ मारून एक करा. तू गाठ मारली. पोट्टीची वेणी, माझी भाकर, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणं, सगळं तुझ्याकडं गेलं. आठ वर्षं आपलं एकाही गोष्टीवर वाजलं नाही. मग मालतीला मुदतीचा ताप आला.

एकवीस दिवस. तू सरकारी दवाखान्यात तिच्या खाटेखाली झोपायची. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. तिथं बाजूच्या खाटेवर रेल्वेतल्या एका बंगाली माणसाचा पोरगा होता. त्याची आई रोज स्टोव्हवर दूध फाडून त्याचं पाणी पोराला पाजायची, आणि तो गोळा, छेना म्हणत ती त्याला, पोरगा सुधारल्यावर भरवायची. डॉक्टरांनीही म्हटलं, द्या, हलकं असते. तू दोन दिवस त्या बाईच्या हाताकडं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन दूध तापवायला ठेवलं. हातात लिंबू घेऊन तू माझ्यासमोर उभी होती.

"काय करून राह्यली?" मी म्हटलं.

"दूध फाडतो."

"ह्या घरात नाही."

"काहून?"

"नाही म्हणजे नाही. दूध आपोआप नासलं तर नासलं. जाणून हातानं कोणी फाडते काय? अवदसा आणायची हाय काय घरात?"

"अवदसा खाटेवर पडली हाय, दादा," तू म्हटली. "पाण्यावाचून सुकून राह्यली ते पोट्टी. तू बाहेर जाऊन उभा राह्य, तुले पाह्यचं नसन तर."

आणि लिंबू पिळलं. माझ्यासमोर. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मी पोरीच्या काळजीनं उभा आहे. मी उभा होतो कारण मला ते फाटताना पाहायचं नव्हतं.

मालती उठली. महिन्याभरात घरभर हिंडायला लागली. मी म्हटलं, झालं, आता बंद कर. तू बंद केलं नाही. तू लिंबूही सोडलं. आज फाडलेल्या दुधाचं पाणी गाडग्यात राखायचं, ते उद्यापर्यंत आंबते, त्यानं उद्याचं दूध फाडायचं, उद्याचं पाणी परवासाठी. तू म्हणायची, लिंबानं छेना कडक होते, ह्या पाण्यानं कापसासारखा नरम होते. मला काय करायचं होतं त्याच्या नरमाईशी. मी ते कधी तोंडात घातलं नाही. तू दोन वर्षं वाटीत काढून माझ्या ताटाजवळ ठेवत होती, वर चिमटीभर मीठ. मी वाटी हातानं बाजूला सरकवायचो. मग तू ठेवणं बंद केलं, पण विचारणं बंद केलं नाही.

"एकदा खाऊन तं पाह्य गा."

"नाही."

"बरं. उद्या."

सतरा वर्षं उद्या.

गल्लीत कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झालं, कोणाच्या लेकराला जुलाब लागले, की वाटी घेऊन तुझ्या दारात. "यमुनाबाई, हिरवं पाणी हाय काय वं?" तू द्यायची. केसरबाईचा नातू अख्खा पावसाळा तुझ्या पाण्यावर निघाला. माझ्या घरातली जी गोष्ट मला नको होती, ती गल्लीला पाहिजे होती. मला तेही खटकत होतं आणि कोणी तुझं नाव काढलं की मान ताठ होत होती. दोन्ही एकाच वेळी. हे मी तुला सांगितलं नाही.

*

आता खळीचं.

तू पहिलं वर्षभर माझ्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गाळत होती. एक दिवस गल्लीतल्या कोणीतरी ते खिळ्याला लटकलेलं पाहिलं आणि मला म्हणाला, "महादेवभाऊ, कोष्ट्याच्या घरात धोतराच्या चिंधीत गाळता?" मला ते लागलं. तुझ्या छेन्याशी माझं भांडण होतं, पण माझ्या घरात चिंधी लटकते म्हणजे काय? मी दोन दिवस बाकीचं काम बाजूला ठेवलं आणि तुझ्यासाठी दोन हात कापड विणलं. विरळ, पाणी पटकन निघावं म्हणून. आणि काठ लाल. काठाशिवाय कापड सोडवत नाही मला, तू हसली होती त्यावर. "गाळायच्या फडक्याले काठ!"

मी ते मागावरून काढलं आणि दोरीवर टाकलं. हातात दिलं नाही. हातात दिलं असतं तर तुझ्या दूध फाडण्याला हो म्हटल्यासारखं झालं असतं.

तू दोरीवरून काढलं, त्यात छेना बांधला, लटकवलं. पाणी निघेना. अर्धा तास झाला, एक थेंब नाही. मग निघालं ते चिकट, दोऱ्यासारखं. आतला गोळा पिठाच्या लापशीसारखा. मालतीनं तोंडात घातला आणि थुंकला.

ताण्याच्या सुताला भाताची खळ लावावी लागते, नाहीतर ते मागावर तुटते. आणि नवीन कापड मागावरून उतरलं की त्यात ती खळ भरून असते. धुतल्याशिवाय ते पाणी सोडत नाही. हे आपल्या घरात लेकराला बोलायच्या आधी समजते. मी धुतलं नाही कारण मला वाटलं, यमुना धुईल. तू धुतलं नाही कारण तुला वाटलं, दादा धुतल्याशिवाय कशाला देईल. दोघंही कोष्टी आणि दोघांनीही खळीचं कापड दुधाला बांधलं.

तू म्हटली, "दादा, कापडात खळ हाय."

मी म्हटलं, "खळ नाही. दूधच खराब होतं."

"मी चाखून पाह्यलं. भाताचं लागते."

"गवळ्यानं दुधात पीठ टाकलं असन."

तू माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मला धोटा हातात घ्यावा लागला. मग तू ते कापड उकळत्या पाण्यात तीनदा धुतलं. पाणी कसं गढूळ निघालं ते मला दाखवायला परात माझ्या मागाजवळ आणून ठेवली. मी पाहिलं नाही. नंतर सोळा वर्षं ते कापड तू वापरलं. महिना-दोन महिन्यांनी, काही कारण नसताना, भाकर थापता थापता तू म्हणायची:

"खळ होती ना गा दादा?"

"नव्हती."

"बरं."

यंदा होळीनंतर मी पाहिलं, ते कापड मधे झिरझिर झालं होतं. मी दुसरं विणलं. तसंच, लाल काठाचं. या वेळी हातात दिलं. पण धुतलं नाही. का, ते तुला समजलं असेल. धुऊन दिलं असतं तर पहिल्याची खळ कबूल केल्यासारखी झाली असती. तू कापड हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं, खळ तुझ्या बोटाला लागली असणार. फक्त हसली आणि ट्रंकेत ठेवलं. म्हणाली, "पहिलं फाटू दे."

*

आता जे कधी बोललो नाही ते. तू विचारायची काहून, आणि मी म्हणायचो नाही म्हणजे नाही. ते खरं कारण नव्हतं.

मालती झाल्यावर तिच्या आईला ताप चढला. बाराव्या दिवशी ती शुद्धीत आली, बोलली, पाणी मागितलं. आम्हाला वाटलं, सुटलो. आपली माय तिच्यासाठी चुलीवर दूध तापवत होती. ते दूध फाटलं. मायनं ते पाहिलं, भांडं तसंच उचललं आणि मागच्या अंगणात ओतलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. दुपारपर्यंत बायको गेली. माय मला म्हणाली, "दूध फाटलं तवाच मी समजली होती." मरेपर्यंत माय तेच म्हणत राहिली.

मी तुला हे सांगितलं नाही. तू तेव्हा उमरेडला होती. सांगितलं असतं तर मी घाबरतो हे तुला समजलं असतं. मला हट्टी म्हटलेलं चालते. घाबरट म्हटलेलं चालत नाही.

म्हणून सतरा वर्षं रोज सकाळी तू दूध फाडलं की मी मागावर बसल्या बसल्या मोजत होतो, आज कोणावर. मालतीला शाळेतून यायला उशीर झाला की मनात दूध. तिला भंडाऱ्याला दिलं, पहिलं बाळंतपण झालं, तेव्हाही दूध. संध्याकाळ झाली, सगळे जागच्या जागी आहेत असं दिसलं, की श्वास सोडायचो. आणि सकाळी तू पुन्हा गंज ठेवायची.

आणि मग त्या दिवशी.

तुला घाटावर नेऊन आलो तेव्हा घर बायांनी भरलेलं होतं. खिळ्याला तुझी पुरचुंडी तशीच लटकत होती. खाली गंजात पाणी. कोणी हलवलं नव्हतं, घाईत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग केसरबाईला दिसलं.

"अवो माय," ती म्हणाली, "हे अजून लटकूनच हाय. रोज दूध नासवत होती बिचारी. चांगलं असते काय असं?"

मी तिच्या नातवाचा पावसाळा तिला ऐकवणार होतो. जिभेवर आलं होतं. पण मी बोललो नाही, कारण ती जे बोलली तेच मी दुपारपासून मनात म्हणत होतो. दुधानं घेतली. मायनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मी बाहेर जाऊन उभा राहिलो, सतरा वर्षं बाहेरच उभा राहिलो, आणि दुधानं घेतली.

केसरबाईनं फडक्याला हात घातला. "बाहेर टाकून देतो, भाऊ."

"हात लावू नको," मी म्हटलं.

ती चमकली. सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. त्यांना वाटलं, बहिणीच्या मायेनं बोलला. मला तेव्हा माहीत नव्हतं मी काहून बोललो. तुझ्या हातची गाठ दुसऱ्या कोणी सोडू नये एवढंच वाटलं. मी स्वतः टाकीन, असं मी ठरवलं होतं. उद्या सकाळी, सगळं. छेना, पाणी, गाडगं.

*

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मी उठून पुरचुंडी खाली घेतली. वैशाखाच्या उकाड्यात छेना आंबून वास मारत होता, वरून वाळला होता. तुझी गाठ घट्ट बसली होती, सुटेना. दातानं सोडवली. छेना गल्लीतल्या गायीपुढं टाकला. तिनं खाल्ला.

मग गंजातलं पाणी गाडग्यात ओतलं, गाडगं उचललं आणि नालीकडं निघालो. फोडून टाकायचं म्हणून. मालती दारात उभी होती.

"बाबा, ते कुठं नेऊन राह्यले?"

"फेकतो."

"काहून?"

तुझ्यासारखंच म्हणाली, त्याच सुरात. आणि मी, यमुने, पहिल्यांदा उत्तर दिलं. सकाळी सकाळी, हातात गाडगं, शेजारचे नळावर उभे, आणि मी माझ्या पोरीला सांगितलं की तिची आई गेली त्या दिवशी दूध फाटलं होतं. की मी तेव्हापासून घाबरतो. की तिच्या आत्यालाही दुधानंच नेलं.

मालती ऐकत होती. तिला नवीन वाटेल असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर नवीन काही नव्हतं.

"आत्याले माहीत होतं, बाबा," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. आजीनं सांगतलं होतं तिले, इथं आली तेव्हाच. म्या विचारलं होतं एकदा, की बाबाले एवढं नको हाय तं तू रोज काहून करतं? माह्या लग्नाच्या आधी. तं ती म्हणे, दादाले रोज पाहू दे. रोज दूध फाटते अन् रोज घर उभं राह्यते. एक दिवस तो घाबरणं इसरून जाईन."

मी गाडगं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे हातातून खाली गेलं, फुटलं नाही एवढंच.

सतरा वर्षं. मला वाटत होतं, तू माझ्या विरुद्ध करते. तू रोज सकाळी माझ्या पाठीमागं, बरोबर माझ्या पाठीमागं, बसून दूध फाडत होती. आतल्या खोलीत जागा होती, तिथं नाही. प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत होती. आता उतरवलं. आता टाकलं. आता फाटलं. पाह्य. पाह्य गा दादा. आणि मी म्हटलं, त्यात काय पाह्यचं.

गवळी आला. त्याला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असावं, तो खाली पाहत उभा राहिला. "भाऊ, आज दूध..."

"दे," मी म्हटलं. "रोजच्या येवढं."

मालती म्हणाली, "बाबा, सुतकात चूल पेटवत नाहीत."

"चूल कोण पेटवते? स्टोव्ह आन."

तुझी ट्रंक उघडली. नवीन कापड वरच होतं, घडी करून. गरम पाणी घेतलं परातीत आणि ते कापड अंगणात बसून धुतलं, सगळ्यांसमोर. पहिलं पाणी पांढरं निघालं, पेजेसारखं. मालती वाकून पाहत होती.

"बाबा, खळ निघून राह्यली."

"हो," मी म्हटलं. "खळ होती. पह्यल्याच्यातही होती."

तिला काही समजलं नसेल. समोरून केसरबाई पाहत होती, तिलाही नाही. दुसरं पाणी कमी पांढरं निघालं. तिसरं स्वच्छ.

दूध उकळलं. उतरवलं. तुझं कालचं पाणी गाडग्यातून ओतलं, तू शेवटच्या दिवशी काढलेलं, तेच, तू जे मला पाहायला सांगत होती ते. काही झालं नाही. मी म्हटलं, फाटत नाही, माझ्या हाताला येत नाही. मग आठवलं, तू एकदम ओतत नव्हती. थोडं टाकायची, थांबायची, झारा एकदाच फिरवायची, पुन्हा थोडं. मी तसं केलं. आणि बोललोही, मोठ्यानं, तुझ्यासारखं, लाज न बाळगता. "आता टाकलं. थांब. आता पुन्हा टाकलं."

कडेनं दूध फाटलं. आधी बारीक कण, मग ढगासारखे गोळे, आणि मधून पाणी वर आलं. हिरवं. काचेसारखं. मी पाहिलं, यमुने. नीट पाहिलं.

मग मान वर करून घर पाहिलं. भिंती होत्या. माग होता. मालती तोंडाला पदर लावून दारात उभी होती, पण उभी होती.

लाल काठाच्या कापडात गाळलं, गाठ मारली, तुझ्या खिळ्याला अडकवलं, खाली गंज ठेवला. नवीन कापड, पण पाणी सरळ निघालं. टपटप.

"बाबा," मालती म्हणाली, "कोण खाईन हे?"

"मी. मीठ काढून ठेव."

मागाकडं गेलो नाही. खांबाला टेकून, तू बसत होती तिथं, खाली बसलो आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथून उठलो नाही.